लाल ताऱ्यांचे ग्रह आणि आपल्या डोक्यावरचं पाणी

दोनेक वर्षांपूर्वीची मे महिन्यातली रात्र. जुन्नरच्या बाजूला मित्राच्या शेतावर आठ इंची दुर्बीण लावून बसलो होतो, भुजंगधारीतला जीजे १२१४ नावाचा मिणमिणता लाल तारा कॅमेऱ्यात धरलेला, लॅपटॉपवर एकेक बिंदू पडत होता आणि अकराच्या सुमाराला ते बिंदू खाली घसरायला लागले, एक टक्का, मग त्याहून थोडं जास्त, पाऊणएक तास तसेच खाली राहिले आणि परत वर आले. ग्रह ताऱ्यासमोरून गेला की असंच दिसतं! मी मित्राला उठवला, चहा झाला, नाचायचंच तेवढं बाकी होतं. सकाळी वेळापत्रक नीट तपासलं तर त्या ताऱ्याच्या ग्रहाचं अधिक्रमण त्या रात्री आम्ही दुर्बीण लावायच्या आधीच उरकलं होतं. मग आम्ही पाहिलं ते काय? तर रात्री पश्चिमेकडून दमट वारं सुटलं होतं, कपडे ओलसर लागायला लागले होते, आणि बहुतेक त्या ओलीचाच आलेख आम्ही ग्रह म्हणून काढला होता.

आता आठ इंचीवाल्या हौशी माणसाची ही फजिती, त्यात काय एवढं, असं कुणीही म्हणेल. पण हीच फजिती चिलीतल्या डोंगरावर एक-एक मीटरच्या दुर्बिणी घेऊन बसलेल्या व्यावसायिक लोकांचीही होते, आणि ती टाळायला त्यांनी जे केलंय ते बघता मला वाटतं की आपण इथे दुर्बिणींबद्दल जी चर्चा करतो (किती मीटरचा आरसा, किती कोटी, जगात कितवा नंबर) ती चुकीच्या टोकाला धरून चाललीय. थंड ताऱ्यांभोवतीचे ग्रह जमिनीवरून बघायचे असतील तर आधी हवेतलं पाणी मोजायला हवं, रोज, दर मिनिटाला, दुर्बिणीच्या शेजारी बसून. आरसा नंतर.

थोडं मागे जाऊन सांगतो. आपल्या आकाशगंगेतले शंभरातले सत्तरएक तारे हे लाल खुजे तारे आहेत, सूर्यापेक्षा लहान, थंड आणि इतके मंद की नुसत्या डोळ्यांनी त्यातला एकही दिसत नाही. ग्रह शोधणाऱ्यांना ते आवडतात त्याचं कारण साधं आहे. सूर्यासमोरून पृथ्वी जाताना लांबून कुणी बघितलं तर सूर्याचा प्रकाश साधारण १२ हजारात एक भाग कमी होईल. २००४ आणि २०१२ ला आपण काळे चष्मे लावून शुक्राचं अधिक्रमण बघितलं तेव्हा सूर्यावर तो केवढासा ठिपका होता ते आठवा. पण तारा मुळातच लहान असेल तर तेवढाच ग्रह त्याचा मोठा तुकडा झाकतो. कुंभ राशीतला ट्रॅपिस्ट-१ हा तारा आकाराने गुरूपेक्षा जेमतेम मोठा आहे, त्यामुळे पृथ्वीएवढा ग्रह समोरून गेला की त्याचा प्रकाश जवळपास पाऊण टक्का घटतो. पाऊण टक्का म्हणजे जमिनीवरून मोजता येईल असा आकडा आहे, आणि बेल्जियमच्या लिएज विद्यापीठाच्या मिकाएल गिलाँ यांच्या टीमने तो चिलीतल्या ला सिया इथल्या फक्त ६० सेंटिमीटरच्या दुर्बिणीने मोजला. २०१६ मध्ये तीन ग्रह जाहीर झाले, २०१७ मध्ये सात.

इथे आपल्यासाठी एक गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे आणि ती फार लोकांना माहीत नसते. २०१६ च्या त्या शोधात लडाखच्या हानलेमधल्या हिमालयन चंद्रा टेलिस्कोपचीही निरीक्षणं होती. दोन मीटरचा आरसा, साडेचार हजार मीटर उंची, आणि चालवतात बंगळुरूजवळच्या होसकोटेहून. म्हणजे या खेळात आपण पहिल्या दिवसापासून होतो. मग पुढे काय झालं ते नंतर बोलतो.

आधी पाण्याचं. ताऱ्याचा प्रकाश किती कमी झाला हे कळायला आपण त्याची तुलना त्याच फोटोतल्या शेजारच्या ताऱ्यांशी करतो, कारण ढगाचा पातळ पदर आला किंवा तारा खाली कलला तर सगळेच मंद होतात आणि गुणोत्तर तेच राहतं. फार हुशार युक्ती आहे आणि बहुतेक ताऱ्यांना ती पुरते. पण लाल खुजा तारा आणि त्याच्या शेजारचे तारे यांचा रंग एक नसतो. शेजारी असतात बहुतेक सूर्यासारखे पिवळे नाहीतर नारिंगी, त्यांचा प्रकाश सगळ्या रंगांत पसरलेला, आणि हा आपला तारा मात्र आपला बहुतेक प्रकाश लालच्या पलीकडे, अवरक्तात ओततो. ट्रॅपिस्ट-१ चं तापमान २५६० केल्विनच्या आसपास, म्हणजे साध्या हिशोबाने त्याचा प्रकाश सगळ्यात जास्त असतो १.१ मायक्रॉनच्या जरा पुढे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, प्रकाशाच्या लहरीची लांबी त्यात मोजतात). आणि पाण्याची वाफ नेमकी तिथेच आडवी येते! ०.७२, ०.८२, ०.९४, १.१३ मायक्रॉन, असे वाफेचे पट्टे ओळीने मांडून ठेवलेत. हवेत वाफ वाढली की लाल ताऱ्याचा प्रकाश जास्त खाल्ला जातो आणि पिवळ्यांचा कमी, गुणोत्तर बिघडतं, आणि कागदावर ग्रहासारखी खाच उमटते. ती खाच खऱ्या ग्रहाच्या खाचेएवढी असू शकते.

वाण्याच्या तराजूत एका पारड्यात लोखंडी वजन ठेवलंय आणि दुसऱ्यात मीठ, सकाळी काटा बरोबर मधे होता, दुपारी पावसाळी हवा आली, मिठाला पाणी सुटलं आणि काटा हलला. वाण्याने काही केलं नाही, गिऱ्हाइकाने काही केलं नाही. तराजू दहापट भारीतला आणला तरी काटा हलणारच, उलट तो हललेला जास्त स्पष्ट दिसेल.

हा शेवटचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आरसा मोठा केला की प्रकाश जास्त मिळतो, तारा लुकलुकण्याचा गोंधळही कमी होतो, हे खरंय आणि त्याबद्दल वाद नाही. पण वाफेने केलेली चूक आरसा मोठा केल्याने कमी होत नाही, आठ मीटरची दुर्बीण तीच चूक फक्त जास्त अचूकपणे मोजून देते. आणि वाफ काही एकसारखी नसते. ती मोजायची रीत अशी की डोक्यावरच्या हवेच्या खांबातली सगळी वाफ पिळून काढली तर जमिनीवर किती मिलिमीटर पाणी साचेल. पावसाळ्यात मुंबईवर हा आकडा ५०-६० मिमीच्या घरात जातो, चिलीच्या पारनाल डोंगरावर साधारण २.५ मिमी असतो, हानलेला हिवाळ्यात २ मिमीच्या आसपास किंवा त्याहून खाली. पण २.५ ही झाली सरासरी. एखाद्या रात्री तो १ वरून ४ वर जातो आणि परत खाली येतो, आभाळ काचेसारखं स्वच्छ, ढग नाही काही नाही, डोळ्याला काहीच कळत नाही. ढग आला तर निदान दिसतो तरी, ही वाफ दिसत पण नाही.

या रोगावर लोकांनी काय काय औषधं शोधली ते बघण्यासारखं आहे कारण त्यातली बरीचशी स्वस्त आहेत. अमेरिकेतल्या ॲरिझोनामध्ये हार्वर्डच्या डेव्हिड शार्बोनो यांनी एमअर्थ नावाचा प्रकल्प चालवला, ४० सेंटिमीटरच्या आठ दुर्बिणी, म्हणजे श्रीमंत हौशी माणूस विकत घेईल अशा. माझ्या फजितीचा नायक जीजे १२१४, त्याचा ग्रह त्यांनीच २००९ मध्ये शोधला. त्यांच्याकडे वाफ मोजायचं यंत्र नव्हतं, मग त्यांनी काय केलं, तर आठही दुर्बिणी वेगवेगळ्या लाल ताऱ्यांकडे बघतायत ना, मग दर अर्ध्या तासाला सगळ्या लाल ताऱ्यांची सरासरी काढायची, आणि जर सगळेच एकदम मंद झाले तर तो ग्रह नाही, ती हवा आहे. आठ वेगवेगळ्या ताऱ्यांसमोर एकाच वेळी ग्रह कसा येईल? मला ही युक्ती अजूनही या विषयातली सगळ्यात सुंदर वाटते, अक्कल वापरली आणि खर्च शून्य.

दुसरी युक्ती जीपीएसची. उपग्रहाचा सिग्नल हवेतून येताना वाफेमुळे किंचित उशिरा पोचतो, नकाशावाल्यांना ती कटकट वाटते, पण खगोलवाल्यांनी २०११ च्या सुमाराला दाखवलं की त्याच उशिरावरून वाफेचा आकडा काढून अवरक्त निरीक्षणं दुरुस्त करता येतात. पारनालवर तर आकाशाकडे तोंड करून बसलेला खास रेडिओमीटर आहे जो वाफ सतत मोजत असतो, तो मुळात मोठ्या दुर्बिणींसाठी बसवलेला. तिथेच ट्रॅपिस्टवाल्यांचा पुढचा प्रकल्प आहे, स्पेक्युलूस. एक-एक मीटरच्या चार दुर्बिणी, नावं गुरूच्या चंद्रांची, आयो, युरोपा, गॅनिमीड, कॅलिस्टो. त्यांनी रेडिओमीटरचे आकडे घेऊन प्रत्येक ताऱ्याच्या आलेखातून वाफेचा हिस्सा वजा करायला सुरुवात केली. मग त्याच्याही पुढे जाऊन त्यांनी एका दुर्बिणीवर नेहमीचा सिलिकॉनचा सीसीडी कॅमेरा काढून इंडियम गॅलियम आर्सेनाइडचा अवरक्त कॅमेरा लावला. सिलिकॉनला १ मायक्रॉनच्या पुढे फारसं दिसत नाही, म्हणजे जिथे या ताऱ्यांचा उजेड सगळ्यात जास्त तिथे आपला कॅमेरा आंधळा! नवा कॅमेरा तिथे बघतो, आणि त्याच्यासाठी ०.८१ ते १.३३ मायक्रॉनचा असा एक फिल्टर आखला की वाफ वाढली तरी लाल तारा आणि शेजारचे तारे जवळपास सारखेच घटावेत. नंतर दुरुस्ती करत बसण्यापेक्षा चूक होऊच द्यायची नाही. (असले कॅमेरे पूर्वी फक्त लष्कराला नाहीतर मोठ्या वेधशाळांना परवडायचे, आता कारखान्यात माल तपासायला वापरतात, त्यामुळे आवाक्यात आलेत.)

आता आक्षेप. पहिला नेहमीचा, की हे सगळं कशाला, अंतराळात दुर्बीण पाठवा, तिथे वाफच नाही. बरोबर आहे, आणि जेम्स वेबने ट्रॅपिस्ट-१ च्या सगळ्यात आतल्या ग्रहाचं तापमान मोजून २०२३ मध्ये दाखवलंही की त्याला सांगण्यासारखं वातावरण दिसत नाही. पण वेबचा एकेक तास मागायला जगभरातून रांग लागते, तो ग्रह शोधायला फुकट घालवण्यासारखा नाही. वेबने बघावं असे ग्रह आधी कुणीतरी शोधायला हवेत, आणि ते समोरून कधी जाणार याचं वेळापत्रक वर्षानुवर्षं ताजं ठेवायला हवं, कारण प्रत्येक फेरीची अर्ध्या मिनिटाची चूक साठत साठत काही वर्षांत तासांवर जाते आणि मग महागडी दुर्बीण रिकाम्या ताऱ्याकडे बघत बसते. हे हमालीचं काम जमिनीवरच्या छोट्या दुर्बिणी करतात. स्पेक्युलूसने २०२४ मध्ये ५५ प्रकाशवर्षांवरचा एक ग्रह जाहीर केला, १७ तासांत एक फेरी मारणारा, तो असाच जमिनीवरून सापडला.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे आणि तो मला पूर्ण खोडता येत नाही. तो असा की हवेचं सोडा, हे तारेच मुळात भरवशाचे नाहीत. त्यांच्यावर डाग असतात, ते स्वतःभोवती फिरतात, मधेच भडकतात. बरनार्डच्या ताऱ्याची कथा बघा, तोही भुजंगधारीतच आहे. १९६३ मध्ये पीटर व्हॅन द कँप यांनी अमेरिकेतल्या स्प्रोल वेधशाळेतून तिथे ग्रह असल्याचं जाहीर केलं, दहा वर्षांनी कळलं की ताऱ्याच्या जागेत दिसलेली उडी दुर्बिणीच्या भिंगाशी केलेल्या कामामुळे होती. २०१८ मध्ये परत जाहीर झालं, २३३ दिवसांचा ग्रह, तीनच वर्षांत तो ताऱ्याच्या स्वतःच्या हालचालीचा भास ठरला. मग २०२४ मध्ये तीन दिवसांच्या फेरीचा ग्रह मिळाला आणि २०२५ मध्ये एकूण चार. ग्लीझ ५८१ या दुसऱ्या लाल खुज्या ताऱ्याचंही असंच, तिथला एक गाजलेला ग्रह २०१४ मध्ये पॉल रॉबर्टसन, सुव्रत महादेवन वगैरेंनी ताऱ्याची चुंबकीय खोड म्हणून निकालात काढला. म्हणजे हवा मोजली की प्रश्न मिटला असं अजिबात नाही. पण मला या कथांमधून उलटंच दिसतं. तारा खोडकर आहे म्हणूनच हवेचा हिस्सा आधी वेगळा काढायला हवा, नाहीतर दोन चोर एकाच घरात शिरले तर कुणी काय नेलं हे ठरवणार कसं? ताऱ्यावरच्या डागाचा परिणाम रंगानुसार बदलतो, वाफेचाही बदलतो, पण वाफ शेजारचा रेडिओमीटर सांगू शकतो आणि डाग कुणीच सांगू शकत नाही. जे मोजता येतं ते तरी मोजा.

आता आपल्याकडे येतो. तीस मीटरच्या टीएमटी दुर्बिणीत सहभागी व्हायला केंद्र सरकारने २०१४ मध्ये जवळपास १३०० कोटी मंजूर केले, आणि हवाई बेटावर मौना केआच्या डोंगराला पवित्र मानणाऱ्या तिथल्या मूळ रहिवाशांच्या विरोधामुळे बांधकाम अडकलं, त्यांचं म्हणणं मला चुकीचंही वाटत नाही. या काळात आपल्या उद्योगांनी आणि संस्थांनी आरशांच्या तंत्रात बरंच काही शिकून घेतलं हे मान्य, तो पैसा वाया गेला असं मी म्हणत नाही. पण या दहा-बारा वर्षांत वर्तमानपत्रात दुर्बिणीची जी बातमी आली ती आकाराचीच आली, कुठली आशियातली सगळ्यात मोठी, कुठली जगातली तिसरी. हानलेला वाफ मोजणारं यंत्र रात्रभर चालतंय आणि त्याचे आकडे कुणालाही बघता येतायत अशी बातमी कोण छापणार? जागा निवडताना वाफ मोजतात, अहवाल येतो, सरासरी छान आहे, झालं. पण सरासरीने अकरा वाजताची खाच खरी की खोटी ते कळत नाही, त्याला त्या रात्रीचा अकरा वाजताचा आकडा लागतो.

आणि कारागीर आपल्याकडे नाहीत असंही नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने (टीआयएफआर) हानलेच्या दुर्बिणीसाठी अवरक्त उपकरण बनवलं, उत्तराखंडातल्या देवस्थळच्या ३.६ मीटरच्या दुर्बिणीसाठीही बनवलं. हानलेला आयआयटी मुंबई आणि बंगळुरूची भारतीय खगोलभौतिकी संस्था मिळून ७० सेंटिमीटरची रोबोटिक दुर्बीण चालवतात. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेचे (पीआरएल) लोक माउंट अबूवरून ग्रहाच्या ओढीने होणारा ताऱ्यांचा डोल मोजून ग्रह शोधतात, त्यांचं पारस-२ हे फार उत्तम उपकरण आहे, फक्त ते दृश्य प्रकाशात चालतं, म्हणजे सूर्यासारख्या ताऱ्यांना झकास आणि अगदी थंड ताऱ्यांना नाही. नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने तर वायझेड सेटी नावाच्या लाल खुज्या ताऱ्याचे रेडिओ स्फोट पकडले, ते त्याच्या ग्रहामुळे होत असावेत अशी शंका आहे. आमच्या जुन्नरच्या शेतापासून त्या तबकड्या हाकेच्या अंतरावर म्हणाव्यात अशा! सुटे भाग सगळे आहेत, पण एकत्र जोडून महिनोन्महिने एकाच लाल ताऱ्याकडे टक लावून बसणारं काही नाही. हिमालयन चंद्रावर सुपरनोव्हावाले, दीर्घिकावाले, धूमकेतूवाले सगळे रांगेत असतात, तिथे एका ताऱ्यासाठी वीस रात्री कोण देणार आणि का द्याव्यात.

वीस रात्री का लागतात हेही ट्रॅपिस्टनेच शिकवलं. २०१६ मध्ये तिसऱ्या ग्रहाचा फेरीचा काळ त्यांनी काय दिला होता माहितीये? साडेचार ते ७३ दिवसांच्या मधे काहीतरी. एवढी मोठी शंका का, तर चिलीत उजाडलं की बघणं बंद, मधे तुटलेले तुकडे, आणि ज्या दोन खाचा एकाच ग्रहाच्या समजल्या त्या वेगवेगळ्या ग्रहांच्या निघाल्या. शेवटी स्पिट्झर या अंतराळ दुर्बिणीने सलग २० दिवस टक लावली तेव्हा सातांचा गुंता सुटला. स्पिट्झर २०२० मध्ये बंद झाली. आता सलग बघायचं असेल तर पृथ्वीभर दुर्बिणींची साखळी हवी, चिलीत उजाडलं की पॅसिफिकमध्ये, मग ऑस्ट्रेलियात, मग आपल्याकडे, मग कॅनरी बेटांवर. आपल्या रेखांशावर एवढी उंच आणि कोरडी जागा हाताच्या बोटावर मोजण्याइतकी, त्यात हानलेभोवतीचा परिसर २०२२ पासून अंधारं आकाश राखण्यासाठी जाहीर झालेला. ट्रॅपिस्ट-१ रात्रभर दिसतो तो ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, म्हणजे आपल्या सह्याद्रीत धो धो कोसळत असतं तेव्हा. हानले पर्जन्यछायेत असलं तरी मान्सूनच्या महिन्यांत तिथेही ढग आणि वाफ वाढतेच, म्हणजे नेमकं जेव्हा बघायचं तेव्हाच हवा जास्त मोजावी लागणार.

तर माझी मागणी फार मोठी नाही. एक मीटरची एक दुर्बीण, तिच्यावर अवरक्त कॅमेरा, शेजारी वाफेचा रेडिओमीटर, आणि ती फक्त लाल खुज्या ताऱ्यांना वाहिलेली. परवडत नसेल तर एमअर्थसारख्या ४० सेंटिमीटरच्या चार-पाच घ्या, तेही चालेल. दुर्बीण नाहीच मिळाली तर निदान आहेत त्या प्रत्येक वेधशाळेत जीपीएसचा चांगला रिसिव्हर बसवा आणि त्याचे वाफेचे आकडे त्याच रात्री सगळ्यांना उघडे करा, म्हणजे कॉलेजातली पोरं आणि आमच्यासारखे शेतावर बसणारेही ते वापरतील. रिसिव्हरला आरसा घासावा लागत नाही, घुमट लागत नाही, उद्घाटनाला मंत्री लागत नाही. मला तर कधी कधी वाटतं की तो अजून सगळीकडे बसला नाही त्याचं कारण हे तिसरंच असावं.

मोठ्या दुर्बिणी येतीलच, युरोपची ३९ मीटरची चिलीत उभी राहतेच आहे, आणि तिच्याकडून एक आशा फार मोठी आहे: लाल ताऱ्याच्या ग्रहावरचा ऑक्सिजन जमिनीवरून ओळखायचा. आपल्या हवेतही ऑक्सिजन खचाखच भरलाय, पण तो ग्रह आणि तारा आपल्या सापेक्ष धावत असल्यामुळे तिकडच्या ऑक्सिजनच्या रेषा जरा सरकलेल्या असतात, त्या सरकलेल्या रेषा आपल्या रेषांच्या मधून वेचून काढायच्या. कित्येक अधिक्रमणं एकावर एक रचली तरच ते जमेल. म्हणजे तिथेही आधी आपल्या हवेची रेष न् रेष माहीत हवी, आणि त्या ग्रहाचं वेळापत्रक मिनिटावर हवं, जे तोवर कुणीतरी छोट्या दुर्बिणीवर राबून तयार ठेवलेलं असेल.

आम्ही दोघांनी त्या रात्रीनंतर एक साधं आर्द्रतामापक दुर्बिणीच्या तिपाईला बांधलंय. ते जमिनीलगतचीच ओल सांगतं, वरच्या हवेचं त्याला काही कळत नाही, त्यामुळे खगोलाच्या दृष्टीने त्याचा उपयोग जवळपास शून्य. पण काटा चढायला लागला की निदान मित्राला उठवायच्या आधी मी वेळापत्रक बघतो.